वाल्व की ट्रान्झिस्टर

"थांबा, ट्रक जाऊ द्या." वणीतल्या अँप्लिफायर बनवणाऱ्या एका मिस्त्रींकडून मी ऐकलेलं हे पहिलं वाक्य, आणि पुढचे आठ महिने बहुतेक हेच. दुकान कोळशाच्या ट्रकांच्या रस्त्यावर, आणि गृहस्थांची तपासायची रीत अशी की गाणं लावायचंच नाही. अँप्लिफायर सुरू करायचा, आवाज पूर्ण वाढवायचा आणि स्पीकर गप्प राहतो का ते बघायचं. "गाणं तं कोणीबी वाजवते. रिकामा कसा राह्यते, ते पाहा लागते."

मी तेव्हा कापूस खरेदी केंद्रावर ग्रेडर होतो. कापसाचे वाईट दिवस होते. लोक मिस्त्रींकडे टेप दुरुस्तीला कमी आणि विकायला जास्त आणत. अशात मला हौस सुचली. बंद पडलेल्या एका टॉकीजचे भोंग्यांचे दोन स्पीकर मी घरी आणले. चिमूटभर पॉवरवर खोली भरून टाकणारे. पण त्यामुळेच अँप्लिफायरची जराशी खरखरही त्यांच्यातून लपत नाही. प्रश्न एवढाच होता, अँप्लिफायर जुन्या काचेच्या वाल्वचा घ्यावा की ट्रान्झिस्टरचा?

मिस्त्रींकडे दोन्ही तयार होते. दुसरा कोणी पंधरा मिनिटांत सांगून मोकळा झाला असता. हे आपले वाल्वचंच कौतुक करत बसत. वाल्व तापायला वेळ लागे, आणि तापले की लोडशेडिंग. मी ट्रान्झिस्टरचं नाव काढलं की, "घाई कायले करता साहेब? अजून पाहू." मग दुकानातल्या भोंग्याला मलाच कान लावायला लावत. "तुमी सांगा, काय येऊन राह्यलं?" जशी काही माझी परीक्षाच. असा माणूस तुम्हीही कुठेतरी पाहिला असेल. इकडे बायको स्पीकरांवर वाळलेल्या कपड्यांच्या घड्या ठेवू लागली होती.

शेवटी एका दुपारी मी वैतागून म्हणालो, "आज ट्रान्झिस्टरचा नेतोच. तपासा आणि द्या."

त्यांनी तो लावला, भोंग्यात कान घातला आणि बराच वेळ तसेच राहिले. मी दाराशी उभा होतो. तिथपर्यंत मला स्टोव्हसारखी बारीक सूं ऐकू येत होती.

"एकदम साफ आहे," ते म्हणाले.

माझ्या चेहऱ्याकडे बघून त्यांनी स्विच बंद केला.

"सूं येऊन राह्यली ना?"

"हो."

"मले नाही येत. बारीक आवाज ऐकूच येत नाही, दोन वर्सं झाले." मग खाली बघत म्हणाले, "वाल्वचा बिघाड घुमते, साहेब. भोंग्यावर हात ठेवला का बोटाले समजते. याचं काहीच समजत नाही. न तपासता कसा देऊ तुमाले? पण कोणाले सांगू नका. कान गेला म्हटल्यावर या दुकानात कोण येईन?"

आठ महिन्यांच्या चिडचिडीची मला लाज वाटली. वाल्वचाच द्या, म्हणालो. त्यांनी दोन्ही तळहात भोंग्यावर ठेवून तो तपासला, अगदी मनापासून.

पुढे दरवर्षी सीझन संपला की ते घरी येत, भोंग्यावर हात ठेवत, चहा घेत आणि जात. तीन वर्षांपूर्वी ते गेले. कान गेल्याचं गावात शेवटपर्यंत कोणाला कळलं नाही. आता अँप्लिफायरची घुमघुम वाढली आहे. ट्रान्झिस्टरचा का नाही घेतला, असं पाहुणे हमखास विचारतात, आणि वाल्वचा आवाज गोड असतो, असं मी सांगत आलो. खरं कारण आज पहिल्यांदा सांगितलं.