रमणलाल डॉक्टरांचा सकाळचा मेसेज

तुम्ही विश्वस्त डॉक्टरांच्या साठीचं पुस्तक काढताय आणि मलाच सांगता, "मावशी, मेसेजचं नका लिहू, किरकोळ आहे. ऑपरेशनांचं लिहा." ऑपरेशनं मी कुठं पाहिली? मी वॉर्डातली आया. नव्या इमारतीचे फोटो तुम्ही छापणारच आहात. मी मेसेजचंच लिहिणार.

रमणलाल डॉक्टरांची ओळख झाली तेव्हा मी आया नव्हते. धाप लागली म्हणून आमच्या मालकांना वारूळवाडीहून या दवाखान्यात आणलं होतं. घरी सोडताना डॉक्टरांनी मालकांचा मोबाइल नंबर लिहून घेतला. म्हणाले, "बिडी सोडायची. रोज सकाळी माझा मेसेज येईल, तो वाचायचा." मालकांनी मान डोलावली.

मेसेज मराठीत, पण अक्षरं इंग्रजी. त्या फोनात दुसरी नव्हतीच. मालकांना वाचता येईना, म्हणून ते रोज फोन घेऊन पानटपरीवर जायचे. टपरीवाला मोठ्यानं वाचायचा, "आज बिडी ओढू नका." वाचून झालं की हे तिथंच बिडी पेटवायचे. पंधरा दिवस हेच!

तपासणीला गेल्यावर मी डॉक्टरांना तोंडावर म्हणाले, "तुमच्या मेसेजनं बिडी लई वाढली. आधी ह्यांना टपरीवर जायला निमित्त तरी शोधावं लागत व्हतं."

दुसरे कुणी असते तर मला बाहेर काढलं असतं. डॉक्टर पोट धरून हसले, मग म्हणाले, "चूक माझी. घरात कोण वाचतं?"

"मी. पण चौथीपर्यंत. इंग्रजी न्हाई येत."

"मग बसा."

केसपेपरच्या मागे त्यांनी एबीसीडी लिहून दिली. दर तपासणीला, ओपीडी संपल्यावर, माझ्याकडून मेसेज वाचून घेतले. मी चुकले की वैतागायचे, ते म्हणायचे, "ताई, पुन्हा." मग सकाळचा मेसेज मी चुलीपाशी वाचू लागले. मालक म्हणायचे, "डॉक्टर परवडला, तुझा आवाज नको." पण बिडी सुटली. दोनदा पुन्हा लागली. दोन्ही वेळा डॉक्टर रागावले नाहीत. दुसऱ्या सकाळी मेसेज आला, "आज पहिला दिवस समजा."

पुढे त्यांनीच मला इथं कामाला लावलं. डिस्चार्ज देताना घरात कोण वाचतं हे विचारायचं काम माझं. मेसेज मात्र डॉक्टर अजून स्वतः, एकेक बटण दाबून लिहितात.

डॉक्टरसाहेब, तुम्ही शंभरी गाठा, गुडघे जपा, दुपारी जरा झोपत जा.

आणि विश्वस्त भाऊंनो, डॉक्टर आता निवृत्त होतायत, पहिल्या तारखेपासून येणार नाहीत. शिनोलीचे किसनभाऊ नुकतेच घरी गेलेत, बिडी सोडून आठवडाही झाला नाही. त्यांना मेसेज कोण पाठवणार? मी लिहायला तयार आहे, दवाखान्याचा मोबाइल माझ्या हातात द्या. हे पुस्तक रविवारी सत्काराला तुम्हाला मिळेल. बुधवारपर्यंत मला उत्तर पाहिजे. हो की नाही, एवढंच.