भाऊबीजेचे तांबडे टायर

माझ्या दादाने सायकलचे टायर निवडायला जेवढा वेळ घेतला, तेवढा बायको निवडायलासुद्धा घेतला नव्हता. हे वहिनीच सांगायची आणि वर हसायची.

दादा महाडच्या शाळेत मास्तर. आईवडील गेलेले, तेव्हा दादा म्हणजेच माझं माहेर. मला दिलेलं पोलादपूरच्या पलीकडे, कापड्यात. घर भातशेतीचं, नवरा मुंबईला गिरणीत. माझ्या जावेचे भाऊही मुंबईलाच. भाऊबीजेला ते यायचे ते पायात बूट, मनगटावर घड्याळ, अंगाला अत्तर. आमचा मास्तर यायचा पायी, धुळीने माखलेला, काखेत पिशवी. एका वर्षी जाऊ सगळ्यांदेखत म्हणाली, "तुजा भाऊ आला काय नि वाटसरू आला काय, कळतच नाय गो!" सगळ्या हसल्या. मीही हसले, काय करणार? पण पुढच्या गणपतीला माहेरी गेले तेव्हा वहिनीजवळ रडले. दादा पडवीत होता. त्याने ऐकलं असणार, कारण त्याच मुक्कामात त्याने एका वकिलांची जुनी सायकल विकत आणली.

सायकल बरी होती, टायर मात्र पार गेलेले. दुकानदार ओळखीचा, त्याने तीन नमुने घरी न्यायला दिले. दादाने ते ओटीवर मांडले आणि स्थळं दाखवावीत तसं आम्हा दोघींना बोलावलं. एक काळा, जाडजूड, खोल नक्षीचा. दुसराही काळाच, पण सडसडीत; त्याला म्हणे पायडल मारायला जोर लागत नाही. तिसरा तांबडा, कडेला साईच्या रंगाची पट्टी. बाई गं, दिसायला मात्र देखणा! दादा एकेकाला अंगठ्याने दाबून बघे, वास घेई, चाकाला लावून लांब उभा राही.

"दुकानदार काय म्हणाला?" मी विचारलं.

"म्हणाला, खडीवर जायचं तर जाडा घ्या. पळायला हवा तर हा मधला. तांबडा गावात मिरवायला."

"मग जाडाच घे की!"

"तो लावला तर सायकल कसली, बैलगाडीच ती."

"आमच्याकडची वाट बैलगाडीचीच हाय रे दादा!"

"जुन्या सायकलीला असले रंगीत टायर म्हणजे नाकापेक्षा मोती जड," वहिनी म्हणाली.

दादा तिच्यावर चिडला नाही. माझ्याकडे बघून म्हणाला, "टिकाऊपणा कोण बघतं, बाय? लोक रंग बघतात. भाऊबीजेला तुझ्या दारात उतरेन ना, तेव्हा बघ." हा सगळा खटाटोप कोणासाठी चालला आहे ते तेव्हा माझ्या डोक्यात शिरलं, आणि जाड्या टायरचा हट्ट मी सोडला.

भाऊबीजेच्या सुमाराला आमच्याकडे बरंच भात अजून उभं असतं. गुरं शिरू नयेत म्हणून करवंदीच्या काट्या तोडतात आणि वाटेवरून ओढत नेऊन शेताला लावतात. वाटेभर काटे सांडलेले असतात. जाड वहाणा घालून चालणाऱ्याला त्याचं काही नाही. दादा इतकी वर्षं त्याच वाटेने आला, पण पायी आला. काटे आहेत हे त्याला ठाऊक नव्हतं आणि मलाही सांगायचं सुचलं नाही. आम्हाला ते काटे कधी दिसलेच नव्हते.

सकाळपासून मी पाट मांडून बसले. जावेचे भाऊ आले, ओवाळून घेतलं, जेवले, पान खाऊन झोपलेसुद्धा. दादाला ओवाळल्याशिवाय मी जेवणार नव्हते. दुपार कलली. जाऊ येता-जाता रिकाम्या पाटाकडे बघायची, तेच जास्त लागलं. उन्हं उतरली तशा सासूबाई बाहेर आल्या. बाई वाईट नव्हत्या. म्हणाल्या, "बीजेची कोर हाय ती, कुनासाठी थांबायची नाय. ताट तसंच ठेवू नये गो. चंद्राला ओवाळ नि दोन घास खा."

चंद्राला ओवाळायचं ते जिला भाऊ नाही तिने. मला होता की! धडधाकट, हौशी, वाटेवर कुठेतरी होता. पण मोठ्यांचा शब्द. मी अंगणात गेले, डोंगरावर टेकलेल्या त्या कोरीला ओवाळलं आणि रडू आवरेना म्हणून तिथेच खाली बसले.

कोर बुडाली आणि अंधार पडता पडता दादा आला. सायकल खांद्यावर. ट्यूबला ठिगळं लावून लावून डबीतला डिंक संपला होता, मग नुसत्या रिमवर रेटली, मग उचलली. तांबडा टायर फाटून चिंधीसारखा लोंबत होता. गावातलं एकही पोर त्याच्यामागे धावलं नाही, कारण कोणाला काही दिसलंच नाही.

मी धावत निरांजन आणायला गेले. सासूबाईंनी हात धरला. "एकदा चंद्राला ओवाळलंस. त्याच ताटानं आता भावाला नाय."

दादाने ते ऐकलं. मला वाटलं रागावेल, निदान चेष्टा तरी करील. त्याने पिशवीतून जरीकाठाचं लुगडं काढलं आणि रिकाम्या पाटावर ठेवलं. म्हणाला, "चंद्र काही ओवाळणी घालायचा नाही. ही त्याच्या वतीनं."

असा जीव तुटला माझा! अजून तुटतो.

पुढे त्याने जाडे काळे टायर घातले. दर भाऊबीजेला दिवस वर यायच्या आत दारात हजर. एकदाही चुकला नाही, एकदाही सायकल अडली नाही. मी ओवाळायची, तो ओवाळणी घालायचा, जेवायचा आणि निघायचा. त्याच्या शेवटच्या वर्षापर्यंत हे चाललं. पण माझ्यासाठी हौसेने नटून तो पुन्हा कधी आला नाही.