कर्त्याची रिकामी जागा

आमच्या कचेरीत त्यांना सगळे कर्मणी काका म्हणत. शाळेतलं व्याकरण ज्यांना आठवतं त्यांना हे नाव लगेच कळेल. 'शिक्षक धडा शिकवतात' हा झाला कर्तरी प्रयोग. 'शिक्षकांकडून धडा शिकवला जातो' हा कर्मणी. दुसऱ्या वाक्यात शिक्षक कोपऱ्यात तरी उभे असतात. काका त्यांना कोपऱ्यातूनही हाकलून देत. 'धडा शिकवण्यात येत आहे', विषय संपला.

मी अकरा वर्षं त्यांचे मसुदे टाइप केले. नळजोडणी विभाग, दुसरा मजला, जिना चढलं की डाव्या हाताला. या अकरा वर्षांत आमच्या विभागात कोणीही काहीही केलं नाही. अर्ज स्वीकारण्यात आले, पाहणी करण्यात आली, विलंब झाल्याचे निदर्शनास आले. पाहणी कोणी केली, विलंब कोणी लावला आणि निदर्शनास कोणाच्या आलं हे देवालाच ठाऊक. वरचे साहेब काकांवर खूश असत, कारण काकांच्या पत्रामुळे आजवर एकही साहेब अडचणीत आला नव्हता.

घरीही तेच. काकूंनीच मला सांगितलं, लग्नाआधी पहिल्यांदा दोघं बोलायला बसली तेव्हा काका म्हणाले, "आपला विवाह व्हावा असा विचार करण्यात आला आहे." काकूंनी विचारलं, "कोणी केला?" तर म्हणे घरच्यांकडून. "छत्तीस वर्षं झाली," काकू म्हणाल्या, "ते घरचे अजून मला भेटायचेत."

पण एकट्या काकांना बोल लावणं बरं नाही. आपली भाषाच मुळात पळवाटांनी भरलेली आहे. आपल्याला राग येतो, झोप लागते, कंटाळा येतो, विसर पडतो. सगळं बाहेरून येतं, आपण बिचारे फक्त घरी असतो. हातातून कप सुटला तर तो फुटतो. 'फोडला' असंही क्रियापद आहे, पण ते सुनेसाठी राखून ठेवलेलं असतं. भूतकाळात तर कमालच आहे. 'मी चूक केली.' बोलणारा बाप्या असो की बाई, क्रियापद 'केली'च. ते 'मी'कडे ढुंकूनही बघत नाही, चूक स्त्रीलिंगी म्हणून 'केली'. घोटाळा असता तर 'केला', वाटोळं असतं तर 'केलं'. करणारा कोण होता याची क्रियापदाला फिकीर नाही.

यातलं सगळ्यात लबाड क्रियापद म्हणजे हरवणे. फुटणं वेगळं आणि फोडणं वेगळं, पडणं वेगळं आणि पाडणं वेगळं, जळणं आणि जाळणं वेगळं. हरवण्याला असा जोडीदारच नाही. छत्री आपोआप हरवते, आणि मी हरवते तीही छत्रीच. 'छत्री हरवली' या दोन शब्दांत हरवणारा माणूस आहे की नाही, हे छत्रीलाच विचारावं लागेल.

आमच्याकडे फाईल हरवली.

कचेरीमागच्या गल्लीतल्या बासष्ट घरांनी नळ मागितला होता. अर्ज तीन ओळींचा. 'आम्हाला पाणी नाही. दोन वर्षं झाली. तुम्ही नळ द्या.' खाली बासष्ट सह्या. कर्ता, कर्म, क्रियापद जिथल्या तिथे. काकांना ते सहन झालं नाही. "ही काय भाषा झाली?" म्हणाले, आणि अर्ज नीट शासकीय मराठीत उतरवून काढायला फाईल पिशवीत घालून घरी निघाले. फाईल घरी न्यायची नाही असा नियम आहे. तो नियमही काकांनीच लिहिलेला, त्यामुळे कोणी न्यायची नाही ते त्यात नाही.

वाटेत ते केस कापायला थांबले. फाईल बाकावरच्या जुन्या वर्तमानपत्रांच्या गठ्ठ्यावर ठेवली आणि केस कापून तशीच विसरून निघून आले. तीन दिवसांनी आठवण झाली तेव्हा धावत गेले. न्हावी सज्जन माणूस. वस्तऱ्यावरचा फेस पुसायला तो त्याच गठ्ठ्यातला कागद घेतो. त्याने फाईलचा पुठ्ठा काढून दिला, जपून ठेवला होता. "कागद मात्र झकास होता साहेब," तो म्हणाला, "फेस लगेच टिपायचा."

हे सगळं मला काकांनीच सांगितलं, टेबलावर ओणवून, कुजबुजत. ते वाक्य मी विसरणार नाही. "नस्ती केशकर्तनालयात राहिली गेली." नस्ती म्हणजे कचेरीच्या भाषेत फाईल. आता राहणे हे क्रियापद अकर्मक आहे. त्याचा कर्मणी प्रयोग होतच नाही. घाबरल्यावर काकांनी तोही करून दाखवला.

"बोलू नकोस कुठे," म्हणाले. काम मी त्यांच्याच हाताखाली शिकले होते. मी गप्प बसले. या वाक्यात पळवाट नाही, 'बसले' हे माझंच आहे, आणि त्याची मला आजही लाज वाटते.

विभागाला नुकत्याच नव्या मॅडम आल्या होत्या. गल्लीतली माणसं नळाची चौकशी करायला आली, फाईल मिळेना, तेव्हा मॅडमनी अहवाल मागवला. अहवाल लिहिणार कोण? काका! त्यांनी लिहिलं, 'सदर नस्ती गहाळ झाल्याचे निदर्शनास आले आहे.' मॅडमनी लाल पेनाने शेजारी लिहून परत पाठवलं, 'कोणाकडून?'

इतक्या वर्षांत हा प्रश्न काकांना कोणी विचारला नव्हता. दिवसभर ते खिडकीकडे बघत बसले. संध्याकाळी दुसरा मसुदा माझ्या टेबलावर आला. 'नस्त्यांची ने-आण शिपाई संवर्गाकडून करण्यात येत असल्याने, त्या स्तरावर सदर नस्ती गहाळ झाली असण्याची शक्यता नाकारता येत नाही.'

कारागिरी बघा. कोणाचं नाव नाही, आरोप नाही, नाकारणाराही नाही. फक्त आमच्या विभागातल्या शिपाई संवर्गात एकच माणूस होतं, ते म्हणजे मावशी. एकोणीस वर्षं फायली या खोलीतून त्या खोलीत नेणारी, घरात एकटी कमावणारी, मुलीला नर्सिंगला घातलेली. मला ते दिसत होतं. तरी मी टाइप केलं.

मॅडमनी ते वाक्य दोनदा वाचलं. "म्हणजे मावशींनी हरवली," त्या म्हणाल्या, आणि मावशीच्या हातात नोटीस पडली.

खरं सांगते, काकांना मावशीचं वाईट करायचं नव्हतं. त्यांना फक्त कर्त्याची जागा रिकामी ठेवायची होती. पण कचेरीत रिकामी खुर्ची आणि रिकामा कर्ता फार वेळ तसा राहत नाही. खुर्चीवर वरचा येऊन बसतो. कर्त्याच्या जागी सगळ्यात खालच्याला बसवतात.

मावशी नोटीस घेऊन माझ्याकडे आली. "वाच गं, काय म्हणतायत?"

मी वाचलं. सात दिवसांत समाधानकारक खुलासा न आल्यास आपणास कामावरून कमी करण्यात येईल.

"कोण करणार कमी?"

"कोणी नाही मावशी, तसं लिहायची पद्धत असते."

"कोणी नाही ना? मग होणार नाही कमी?"

मी खुलाशासाठी नवं पान उघडलं. तिनेच खुलासा सांगितला, मी टाइप केला. 'मी फाईल हरवली नाही.' मी म्हटलं, अजून काहीतरी लिहू या. ती म्हणाली, "अजून काय? नाही हरवली म्हणजे नाही हरवली."

तो कागद मी काकांपुढे नेऊन ठेवला. म्हटलं, वाचून तरी यांना काही वाटेल. त्यांनी वाचला, खिशातून पेन काढलं आणि दुरुस्त केला. 'सदर नस्ती माझ्याकडून गहाळ झालेली नाही.' हात आपोआप चालला होता, हे मला कळत होतं. तरी मला राग आला असं मी म्हणणार नाही. मी रागावले. "काका," मी म्हटलं, "सोमवारी सुनावणी आहे. तिथे तुम्ही बोला, नाहीतर मी बोलेन."

"हो, हो," ते म्हणाले. "बोललं जाईल."

सोमवारी मॅडमच्या खोलीत आम्ही चौघं. मॅडम टेबलामागे, काका खुर्चीत, मावशी दाराशी उभी, मी जबाब टाइप करायला कोपऱ्यात. काकांनी घसा साफ केला. "फाईल घरी न्यायला घेतली," ते एका दमात म्हणाले, "वाटेत न्हाव्याच्या दुकानात पेपरांवर ठेवली, आणि हरवली."

त्यांनी हुश्श केलं. त्यांच्या दृष्टीने कबुली झाली होती. आणि मराठी म्हणून वाक्यात काही खोट नव्हती. 'मी' गाळला तरी आपल्याकडे वाक्य पूर्ण होतं, ऐकणाऱ्याने समजून घ्यायचं. मॅडमनी समजून घेतलं. त्या मावशीकडे वळल्या. "मावशी, तुम्ही न्हाव्याकडे कशाला गेला होतात?"

"मी?" मावशी म्हणाली. "माझी दाढी करायला?"

एरवी मी हसून लोळले असते. पण नोटीस अजून तिच्या हातात होती. मी किबोर्डवरून बोटं उचलली. "काका, वाक्यात कर्ता नाही," मी म्हटलं. "तो सांगा. तोवर मी पुढे टाइप करत नाही."

कोणी कपडे काढून मागावेत असा काकांचा चेहरा झाला होता. मग म्हणाले, "मी."

"मी काय?" मॅडम.

"मी घरी नेत होतो. मी दुकानात ठेवली. मी हरवली. मावशींनी त्या फाईलला हातसुद्धा लावलेला नाही."

मी टाइप केलं. 'नेत होतो.' त्या 'होतो'त काका सबंध मावले होते. इतक्या वर्षांत त्यांच्या मसुद्यातलं क्रियापद पहिल्यांदा त्यांच्याशी जुळलं होतं, आणि मला त्यांची दयाही आली, अभिमानही वाटला. हे दोन्ही मला बाहेरूनच आलं, माझा इलाज नव्हता.

मावशीची नोटीस मागे घेण्यात आली. काकांना निलंबित करण्यात येत असल्याचा आदेश निघाला. त्यावर मॅडमनी त्याच लाल पेनाने सही केली, आणि 'कोणाकडून' हे आदेशात कुठेही नव्हतं. गल्लीतल्या लोकांनी नवा अर्ज दिला, पुन्हा तीनच ओळींचा. तो आम्ही आहे तसा पुढे पाठवला.

दुपारी काका डबा, चष्म्याचं घर आणि शब्दकोश पिशवीत घालून निघाले. दाराबाहेर मावशी तिच्या स्टुलावर बसलेली. काका थांबले.

"मावशी, झाल्या प्रकाराबद्दल माफी असावी."

"असावी म्हणजे?" ती म्हणाली. "कुठे असावी?"

"म्हणजे... क्षमा करण्यात..." काकांनी तोंड मिटलं. पिशवी खाली ठेवली. "मावशी, मी तुमची माफी मागतो."

मावशी उठली. मांडीवरच्या फायली तिने छातीशी धरल्या.

"मागितलीत, ती मी ऐकली," ती म्हणाली. "एकोणीस वर्षांत माझ्या हातून एक कागद इकडचा तिकडे झाला नाही. तुम्ही मला सगळ्यांसमोर उभं केलंत. माफी द्यायची की नाही ते मी ठरवीन, साहेब. आज मी देत नाही."

आणि ती फायली घेऊन आत गेली.