धूर येणारं एकच घर

श्रावणात ते संग्रहालय बघायला जाणं ही माझीच कल्पना. माझी मोठी नणंद पुण्याहून आमच्याकडे खोपोलीला आली होती, वय अडुसष्ट, आणि घरात बसून कंटाळली होती. कशेळ्याच्या अलीकडे आत वळलं की मोकळ्या माळावर जुन्या पद्धतीची घरं उभी केलेली आहेत. कुंभाराचं घर, वाण्याचं दुकान, वर टेकाडाला ठाकर आदिवासींचं गवती छपराचं घर. थंडीत इथे शाळांच्या सहली येतात, माहिती सांगायला माणसं असतात, गरम पिठलं-भाकरी मिळते. मी ते तसंच पाहिलेलं होतं, आणि ऑगस्टातल्या सोमवारीही तसंच असेल असं धरून चालले.

फाटकावर एकटा रखवालदार होता. “पावती नाय ताई, पुस्तक भिजलंय. जावा तुमी, बघा निवांत,” म्हणाला. मी छत्री आणि मोबाइल घेतला. पर्स गाडीतच ठेवली.

आत आम्हा दोघींशिवाय कोणी नव्हतं. दिशा दाखवणारे बाण गवतात गेलेले, पाट्यांवरची अक्षरं ओघळलेली. कुंभाराचं चाक ताडपत्रीखाली. बुरशी लागू नये म्हणून पुतळे प्लास्टिकमध्ये गुंडाळून गळ्याशी सुतळीने बांधले होते.

“हिचा जीव गुदमरेल गं,” कुंभारणीच्या पुतळ्याकडे बघत वन्सं म्हणाल्या. मग माझ्याकडे वळून, “तुमच्याकडे पाहुण्यांना बंद घरं दाखवायची पद्धत आहे वाटतं.”

गर्दी नसली की वस्तू नीट बघता येतील असं मला वाटलं होतं. प्रत्यक्षात मी फक्त पायाखालचं शेवाळ बघत होते. सांगणारं कोणी नसलं की घर लगेच रिकामं दिसतं. दारातून डोकावायचं आणि पुढे जायचं. खाण्याच्या जागेत खुर्च्या टेबलांवर उलट्या ठेवलेल्या होत्या.

“इथे काही मिळणार नाही,” मी म्हटलं. “अर्ध्या तासात निघू.”

“मला कुठे खायचंय? सोमवार आहे ना माझा.”

मी थांबलेच. मी उपास करत नाही, त्यामुळे वार डोक्यात नव्हता. सकाळी त्यांनी बिनसाखरेचा चहा घेतलेला मी पाहिला होता. खाताना पाहिलं नव्हतं.

“आणि साखरेची गोळी?”

“घेतली की. गोळी कशी चुकवायची?”

त्या उपासही चुकवत नाहीत आणि गोळीही चुकवत नाहीत. पस्तीस वर्षं शाळेत गणित शिकवलं, पण उपाशीपोटी गोळी, ही वजाबाकी त्यांनी केली नव्हती.

वाण्याच्या दुकानापर्यंत आलो तेव्हा त्या उंबऱ्यावर बसल्या. गार वारा होता आणि त्यांच्या कपाळावर घाम. बोटं थरथरत होती. “दिवा का लावला नाहीस अजून?” त्यांनी विचारलं. दुपारचा एक वाजला होता.

माझ्या वडिलांना साखर होती. साखर वाढली तर वेळ मिळतो, उतरली तर मिळत नाही, एवढं मला पक्कं माहीत आहे. पर्समध्ये लिमलेटच्या गोळ्या होत्या, पर्स गाडीत होती. मी आधी दुकानातलंच चाचपलं. गुळाची ढेप प्लास्टरची निघाली, नखाला पांढरी भुकटी आली. बरण्यांत रंगवलेले खडे.

वन्संना भिंतीला टेकवून बसवलं. “उठायचं नाही. मी आले.”

“मला काय शाळेत घालतेस?” जीभ जड झाली होती.

पळत फाटकाशी गेले तर कुलूप. रखवालदार जेवायला गेला असणार. गाडी दहा पावलांवर, सीटवरची पर्स काचेतून दिसत होती. कुंपणाला काटेरी तार. मोबाइलला रेंज नाही. हाका मारल्या; कोणी ओ दिली नाही. तार चढून जाण्यात मी अडकले तर तिकडे त्या एकट्या, हा हिशोब करून मागे फिरले.

फिरले तेव्हा टेकाडावरच्या छपरातून धूर दिसला. आधी वाटलं आग लागली. पण धूर संथ होता, सगळ्या गवतातून सारखा झिरपत होता, चुलीचा निघतो तसा. मी खालूनच ओरडले, “कोणी आहे का? साखर आहे का, साखर?”

एक बाई बाहेर आली, हात काजळीने माखलेले. “काय झालं ताई?”

“आमच्या बाईंची साखर उतरलीय, खाली दुकानाशी बसल्यात. गोड काही असेल ते द्या.”

ती साखरेचा डबा, पेला आणि पाण्याचा तांब्या घेऊन धावतच उतरली, माझ्याआधी दुकानाशी पोचली. पेल्यात साखर कालवून मी तो वन्संच्या ओठांशी धरला. त्यांनी दात आवळले.

“उपास आहे.”

“साखर चालते उपासाला. गिळा.”

घोट घोट करून त्या प्यायल्या. मग थांबण्याशिवाय काही नव्हतं. मी मोबाइलवरचं घड्याळ बघत राहिले. बाई त्यांचे तळवे चोळत होती. “रोज चूल पेटवाया येते मी,” ती मलाच धीर द्यायला बोलत असावी. “पावसात कोण येत नाय, पन धूर नाय लागला तर छपराला किडा पडतो. आजी, डोळं मिटू नका, माझ्याकडं बघा.”

दहा मिनिटं गेली. वन्संनी नजर वळवली. “ही मला आजी का म्हणते गं? केस रंगवलेत मी.”

तेव्हा कुठे मी मोबाइल खाली ठेवला.

पण गोळीचा अंमल अजून बाकी होता; नुसती साखर टिकली नसती. बाईने वरून स्वतःच्या जेवणाचं फडकं आणून सोडलं, तांदळाची भाकरी आणि भाजी. वन्संनी मान फिरवली.

“भाकरी नाही. संध्याकाळी सोडीन.”

“संध्याकाळपर्यंत दवाखान्यात असाल,” मी म्हटलं.

“चाळीस वर्षं करतेय मी.”

“म्हादेवाला माझं नाव सांगा,” बाई म्हणाली. “तिनं भरवली म्हनावं. काय राग यायचा तो मला येऊ दे.”

वन्संनी अर्धी भाकरी घेतली, आणि तिने पुढे केलेली उरलेली अर्धीही घेतली.

रखवालदार आला तेव्हा आम्ही फाटकाशी होतो. “गुरं शिरतात म्हनून कुलूप लावलं,” तो म्हणाला. मी त्याला जे बोलायचं ते बोलले.

गाडीत वन्सं म्हणाल्या, “भावाला सांगू नकोस.”

“मागच्या सोमवारीही असंच केलंत?”

“थोडी चक्कर आली होती. पडून राहिले.”

म्हणजे पुण्याच्या घरात, एकट्या. कर्जत स्टेशनाजवळ रेंज आली तशी मी गाडी कडेला घेतली, त्यांच्या डॉक्टरांना फोन लावला आणि मोबाइल त्यांच्याच हातात दिला. त्यांनी माझ्याकडे एकदा रागाने पाहिलं, मग घसा साफ केला. सगळं सांगितलं, भाकरीसकट. डॉक्टर बराच वेळ बोलत होते. रात्रीपर्यंत दर तासाला साखर तपासा, हे मलाही ऐकू आलं.

“तपासते,” वन्सं म्हणाल्या. “पण अजून दोन सोमवार आहेत. उपास मी करणार. गोळीचं काय करायचं तेवढं सांगा.”

मी पर्समधून कागद काढला आणि लिहून घेतलं.