विहीणबाई अहमदपूरला उतरल्या नाहीत

नांदेडच्या स्टँडवर कंडक्टरने आधी आमच्या हातातल्या बांबूच्या कामट्या पाहिल्या, मग माझ्या सुनेकडे पाहिलं आणि शेवटी माझ्याकडे.

"मावशी, पतंग उडवायला निघाल्या का?"

"कंदील करायला. लातूर दोन द्या."

"दिवाळी तर झाली की!"

"तुमची झाली," मी म्हटलं.

मारिसेल माझी सून. मुलगा डॉक्टरकी शिकायला फिलिपाइन्सला गेला, तो पदवी आणि मारिसेल दोन्ही घेऊन परतला. ती मराठी माझ्याकडून आणि भाजीवालीकडून शिकली, त्यात भाजीवालीचा वाटा मोठा. गेल्या महिन्यात तिच्या गावाला वादळाने झोडपलं. त्यात तिची आई गेली. विमानं बंद होती. ती निघायच्या आतच तिकडे माती देऊन झाली. विहीणबाई याच हिवाळ्यात पहिल्यांदा आमच्याकडे येणार होत्या. मच्छरदाणी, कमी तिखटाचा मसाला, नवी वाकळ (जुन्या साड्यांची गोधडी), माझी सगळी तयारी झाली होती. ती बातमी आल्यापासून मारिसेल रडली नाही. नुसती गच्ची धूत राहिली. मला स्वच्छता आवडते, पण धुतलेली गच्ची पुन्हा धुणं काही बरं लक्षण नव्हे.

लोह्याला भजी खायचं ठरवलं होतं, ती संपली होती. पेरूंवर भागवलं. अहमदपूरच्या पुढे दोन्ही बाजूंना तूर शेंगांनी वाकलेली. मारिसेल खिडकीतून बघत होती, पण तिला तूर दिसत नसावी.

लातूरला रोज नावाच्या बाईच्या घरी, गेलेल्यांसाठी कंदील करायला जमायचं होतं. रोजही फिलिपाइन्सचीच. लातूरकर प्राध्यापकाशी लग्न करून ती इथे मुरली आहे. उदगीर, सोलापूरकडच्या तिच्या देशभगिनी आधीच आल्या होत्या. त्या वादळात प्रत्येकीचं कुणी ना कुणी गेलेलं. मी पांढरी साडी नेसून, आवाज बारीक करून आत शिरले, तर समोर माइक घेऊन एक बाई जोरजोरात गात होती आणि बाकीच्या टाळ्या पिटत होत्या. टेबलावर पान्सित (भाज्या घालून परतलेल्या शेवया), शेजारी ज्वारीच्या भाकरी. एक ताट वाढून वेगळं ठेवलेलं, गेलेल्यांसाठी. आपल्यासारखंच, फक्त कावळ्याच्या मिनतवाऱ्या नाहीत.

मग पारोल (चांदणीच्या आकाराचा कागदी कंदील) करायला बसलो. रोजने घातलेला नियम सोपा होता. फोटो नाही, हार नाही. गेलेल्या माणसाला ज्यावरून चिडवायचो, तेच चित्र कागदावर काढायचं आणि कंदिलाला चिकटवायचं. उदगीरच्या बाईंनी मामाचा झुंजीचा कोंबडा काढला. तो जन्मात एकही झुंज जिंकला नव्हता म्हणे. सोलापूरकरणीने वडिलांची कवळी काढली.

मारिसेलचा कागद कोराच.

"काढ की गं," रोज म्हणाली. "तुझी आई काय कमी होती का?"

मारिसेलने कागदावर एका चपलेचं चित्र काढलं.

"फेकून मारायची," ती म्हणाली. "नेम चुकायचा न्हाई."

"माझाही नाही. तुझ्या नवऱ्याला विचार."

ती हसली. हसता हसता रडायला लागली. कुणी समजूत घातली नाही. रोजने फक्त खळीची वाटी तिच्याजवळ सरकवली.

निघताना रोजने मला बाजूला घेतलं. "काकू, सरळ घरी जायचं न्हाई. मधी उतरून चहा प्यायचा. आमच्यात त्याला पागपाग (झटकून टाकणं) म्हणतात. न्हाईतर गेलेलं माणूस मागं मागं घरी येतं."

अहमदपूरचा चहा ठरलेलाच होता. मला काय अडचण?

अहमदपूरला गाडी थांबली. मी उठले. मारिसेल हलेना.

"उतर की. रोजने बजावलंय."

"न्हाई."

"अगं, चहाच तर प्यायचाय."

"आई, मी उतरले तर ती इथंच राहील." तिने ओढणी घट्ट धरली. "तिला मराठी येत न्हाई. इथं कुणाला विचारील? तिला आपल्या घरी यायचं होतं ना?"

मी बाहेर बघितलं. एवढं मोठं स्टँड, ही गर्दी, ते भोंगे. मी परत बसले आणि आमच्या मधल्या सीटवरची पिशवी उचलून मांडीवर घेतली.

एक पागोटेवाले बाबा तिथे टेकायला आले.

"इथं माणूस आहे," मी म्हटलं.

"कुठंय?"

"आहे म्हटलं ना!"

ते लोह्यापर्यंत माझ्याकडे डोळे वटारून उभे होते. कंडक्टरने त्यांना दुसरीकडे खिडकीजवळची जागा मिळवून दिली, तेव्हा कुठे माझी सुटका झाली.

संध्याकाळी घरी पोचलो, तर मुलगा दारात भाकरतुकडा घेऊन तयार. मयतावरून, प्रवासातून कुणी आलं की तो ओवाळून टाकायचा, म्हणजे मागे लागून आलेलं दारातूनच परत फिरतं. ही शिस्त माझीच.

"ठेव आत," मी म्हटलं. "आलेल्या पाहुण्याला दारातून परत लावायचं नसतं."

त्याने बायकोकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि शहाण्यासारखा भाकरतुकडा आत ठेवून आला. मी पाहुण्यांच्या खोलीत नवी वाकळ अंथरली, मच्छरदाणी बांधली. आमटीत तिखट निम्मंच घातलं.

जेवायला बसताना मारिसेलने आधी एक वाटी वेगळी वाढली. त्यातली आमटी बोटाने चाखून पाहिली.

"आई, तिला हे बी लई तिखट होईल."

मी उठले आणि त्या वाटीत तुपाची धार सोडली.