हौसाबाईंच्या खांद्याची शिक्षा

हौसाबाई उठल्या आणि चपला शोधू लागल्या. ट्रीटमेंट अजून सुरूही झाली नव्हती.

"मावशी, कुठं निघालात?"

"घरला. डाक्टरच म्हनले न्हवं, दुखनं म्हंजी शिक्षा. मग ती भोगायची. वशिला कशाला लावायचा?"

मी कवठे महांकाळला फिजिओथेरपिस्ट आहे. त्या दिवशी आमच्या पेन क्लिनिकचं उद्घाटन होतं आणि आमच्या डॉक्टर सरांच्या हाती माइक लागला होता. 'पेन', म्हणजे दुखणं, हा इंग्रजी शब्द मूळचा ग्रीक, तिथं त्याचा अर्थ खुनाची भरपाई, लॅटिनमध्ये शिक्षा, मग फ्रेंचमधून तो इंग्रजीत आला, 'पेनल्टी' त्याचीच बहीण, हे सगळं सरांनी रंगवून सांगितलं. टाळ्या पडल्या. हौसाबाईंना तर ते मनापासून पटलं. मुलांनी द्राक्षबागेसाठी घरची मेंढरं विकली आणि त्यानंतरच त्यांचा उजवा खांदा धरला होता. मेंढरांचा राखणदार बिरोबा कोपला याची त्यांना खात्री होतीच. आता इंग्रजांचाही दुजोरा मिळाला.

दुखणं होतं फ्रोझन शोल्डर. सांध्याभोवतीचं आवरण आखडतं, हात वर जात नाही. हलवला नाही तर आणखी आखडतो. यंदा यात्रेत त्यांना भंडारा उधळता आला नव्हता. "देवावर डाव्या हातानं कसा उधळायचा?" म्हणताना त्यांचे डोळे भरले. मला वाईट वाटलं, आणि सरांचा रागही आला.

"सर, आता तुम्हीच समजवा."

"अगं, मी शब्दाचं मूळ सांगत होतो, आजाराचं नव्हे!"

"हे त्यांना सांगा."

सर पाहुण्यांना चहा विचारायला गेले.

शेवटी मीच म्हटलं, "मावशी, शिक्षा आहे ना? मग ती सक्तमजुरीची आहे. नुसतं बसून भोगता येत नाही. रोज सकाळ-संध्याकाळ भिंतीवर बोटं चालवत हात वर न्यायचा. थोडं दुखलं तरी चुकवायचं नाही."

"आन चुकवलं तर?"

"वाढते."

हे वैद्यकीयदृष्ट्याही खरंच होतं.

इतक्या इमानानं एक्सरसाइज करणारा पेशंट मी दुसरा पाहिला नाही. पुढच्या यात्रेनंतर त्या आल्या, केसांत अजून भंडारा होता. उजवा हात सरळ वर करून दाखवला.

"संपली न्हवं शिक्षा, म्याडम?"

"संपली," मी म्हटलं. कुठल्या अधिकारानं, कोण जाणे. त्यांनी पदरानं डोळे पुसले, उजव्याच हातानं.

मग पिशवीतला नारळ काढून त्या सरांच्या केबिनमध्ये गेल्या. "तुमी सांगितलं म्हनून कळलं बगा." सरांनी नारळ ठेवून घेतला. त्यांचं ते भाषण आता प्रत्येक कॅम्पला होतं.

मी मात्र पेशंटला एक्सरसाइज सांगणं सोडून दिलंय. शिक्षाच देते. एक्सरसाइज माणसं घरी पोचेपर्यंत विसरतात.