केसांखालचं कुंकू

शूटिंगच्या दिवशी ती कपाळावरचं कुंकू पुसायची आणि कुंकवाचं बारीकसं बोट केसांखाली, कोणाला दिसणार नाही असं, टेकवायची. मग म्हणायची, “कॅमेऱ्याला दिसत न्हाई, देवाला दिसतंय.” तुम्हीही हसला असतात. आम्ही तर दर वेळी हसायचो.

पिंपरीच्या औषधाच्या कारखान्यात ती आणि मी शेजारी उभ्या राहून बाटल्या धुवायचो. सुट्टीला पुण्याच्या स्टुडिओची लॉरी चिंचवडात यायची आणि गर्दीत उभं राहायला बायका घेऊन जायची. आम्ही बाकीच्या गर्दीतच राहिलो. हिला खरंखुरं रडता यायचं, म्हणून ही पुढे गेली. तीन सिनेमांत तिन्ही वेळा विधवाच वाट्याला आली. त्या दिग्दर्शकाला दुसरं काही सुचतच नव्हतं.

घरी नवरा क्षयाने अंथरुणाला खिळलेला. जित्या नवऱ्याची बायको रंडकीचं सोंग घेते म्हणून सासू धुसफुसायची. नवरा मात्र म्हणायचा की एकदा कपाळभर कुंकू लावून पडद्यावर दिस, मग मी मरायला मोकळा. तिने ते मनावर घेतलं. दिग्दर्शकाच्या मागे लागून हळदीकुंकवातली सवाष्ण मिळवली, वर एक वाक्यही: “या वहिनी, बसा.” दर बाटलीमागे ती ते एकदा म्हणायची. बाई, बसलो, आता पुरे कर, असं आम्ही म्हणायचो.

शूटिंगच्या आठ दिवस आधी नवरा गेला.

सुतकात बाईने उंबरठा ओलांडायचा नसतो. नवव्या दिवशी सासूला न सांगता ती लॉरीत माझ्या शेजारी येऊन बसली. मी तिला अडवलं नाही. अडवायला हवं होतं का, ते मला अजून ठरवता आलेलं नाही. तोंड रंगवणाऱ्याने ठसठशीत कुंकू लावलं, वाक्य एका दमात झालं. परतताना मी पदराचं टोक ओलं करून पुढे केलं.

“राहू दे,” ती म्हणाली. “दिव्याला दाखवते आन् मंग पुसते.”

नवऱ्याने जिथे जीव सोडला, तिथे दहा दिवस तेवत ठेवायचा तो दिवा.

सासू दारातच होती. तिने तळहाताने सुनेचं कपाळ असं खरडलं की कुंकू कानापर्यंत ओढलं गेलं. “त्यांनीच सांगितलं हुतं,” एवढंच सून बोलली. दिव्यापर्यंत तिला कोणी जाऊ दिलं नाही. मी अंगणात उभी होते आणि गप्प राहिले, याची मला लाज वाटते.

दहावा झाल्यावर तिला मावळात माहेरी धाडलं. सहा महिन्यांत त्याच खोकल्याने तीही गेली.

पुढच्या वर्षी चिंचवडात तंबूत तो सिनेमा आला. तिची सासू माझ्या शेजारी येऊन बसली. हळदीकुंकू आलं, भरल्या कपाळाची ती आली, “या वहिनी, बसा” म्हणाली. म्हातारी ताडकन उभी राहिली. मागचे लोक ओरडले, बसा की. ती बसेना. तोवर पडद्यावर दुसरंच घर आलं होतं.

“एवढंच व्हय गं?” तिने मला विचारलं.

“एवढंच, आत्या.”

म्हातारी तशीच उभी राहिली, सून पुन्हा दिसेल म्हणून.